रिकामी पेटी

आज स्टाफरूममध्ये डबा खाताना ईव्हीएमचा विषय निघाला. आमचे एक सर म्हणाले, "मॅडम, मशीनचा सोर्स कोड सगळ्यांसमोर मांडायचा म्हणजे चोराच्या हाती किल्ली!" सोर्स कोड म्हणजे मशीनने कसं चालायचं ते सांगणाऱ्या लिखित सूचना. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

२०२४ च्या विधानसभेला मी केंद्राध्यक्ष होते. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी. ५० मतं टाकायची, मोजून दाखवायची, क्लिअर करायचं. एक टोपीवाले आजोबा पोलिंग एजंट होते. सगळं नीट बघून म्हणाले, "बाई, पूर्वी पेटी उलटी करून दाखवायचे. हिच्या आत काय हाय?" मी ट्रेनिंगमधलं उत्तर म्हणून दाखवलं. नेट नाही, ब्लूटूथ नाही, मत कुणाला गेलं त्याची छापील चिठ्ठी ७ सेकंद दिसते. आजोबा नुसते हसले.

आणि म्हणे चोराला किल्ली! ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेऱ्यात २००१ च्या निवडणुकीत लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणारी मतदान यंत्रणा वापरली, कोड खुला ठेवला. तिथल्या विद्यापीठातल्या माणसांनी त्यातली चूक शोधून दिली. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने, स्विस पोस्टने, ऑनलाइन मतदानाचा कोड तपासायला दिला, तर तपासणाऱ्या पठ्ठ्यांनी महिन्याभरात अशी फट दाखवली की मतं बदलली तरी पत्ता लागला नसता. कोड कपाटात असता तर ती फट कुणाला दिसली असती? चोरालाच ना?

बरं, उघडा कोड आणि मशीनमध्ये चाललेला कोड एकच, याची खात्री त्याने होत नाही. मान्य. म्हणून तर चिठ्ठ्या हव्यातच, आणि विधानसभेच्या एका मतदारसंघात ५ केंद्रांच्याच मोजून भागणार नाही.

मशीनमध्ये घोळ आहे असं मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. माझ्या टीममधल्या अंगणवाडी सेविका रात्रभर डासांत त्या मशीनशेजारी जागल्यात. त्यांच्या कष्टावर कुणी बोट ठेवलं तर मलाच आधी राग येईल. पण गुप्त असायचं ते माझं मत. मोजायची रीत का गुप्त?

आजोबांनी शेवटी मॉक पोलच्या कागदावर सही केली. पेन माझंच होतं. परत देताना म्हणाले, "तुमी सांगताय म्हणून करतो, बाई." आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं.