‘डीपीत जाड तार बांधा’ या सल्ल्यानेच रोहित्रं जळतात

रब्बीची पाणी-पाळी सुरू झाली की गावोगावच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. “डीपीचा फ्यूज सारखा जातोय? किटकॅटमध्ये जाड तार बांधा. 11 हजार व्होल्ट पेलणाऱ्या रोहित्राला 440नं काय होणार? शिवाय वरच्या बाजूला फ्यूज आहेच. पंपांना ऑटोस्विच लावा. रोहित्र गरम झालंच तर तेल बदललं की नव्यासारखं होतं.” डीपी म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि त्याची फ्यूजपेटी, किटकॅट म्हणजे त्या पेटीतला तार बांधायचा फ्यूज. हा सल्ला पाळला तर ऐन पाण्याच्या दिवसांत अख्ख्या डीपीवरची पिकं वाळतात.

11 हजारांचं आधी बघू. व्होल्टेज पेलतं ते इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारा थर. रोहित्र जळतं ते बहुतेक वेळा प्रवाहाच्या उष्णतेनं. 63 केव्हीए क्षमतेच्या रोहित्राची खालची, म्हणजे पंपांकडची बाजू 433 व्होल्टला 84 अँपिअरसाठी बनवलेली असते. तिथे 126 अँपिअर वाहिले, म्हणजे दीडपट, तर वायंडिंगमधली (तारेच्या वेटोळ्यांमधली) उष्णता सव्वादोनपट होते. वेटोळ्यांवरच्या इन्सुलेशनच्या कागदाचं तापमान 98 अंशांच्या वर गेलं की पुढच्या दर 6 अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

वरचा, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या बाजूचा फ्यूज वाचवेल ही समजूत सगळ्यात घातक आहे. समजा, लांबच्या खांबावर एक फेज न्यूट्रलला चिकटली. तारेच्या रोधामुळे प्रवाह 300 अँपिअरवरच अडला. डीपीत योग्य फ्यूज असेल तर तो थोड्याच वेळात वितळतो. जाड तार मात्र तग धरते आणि त्या फेजच्या वायंडिंगमध्ये पूर्ण भाराच्या जवळजवळ 13 पट उष्णता साठत राहते. वरच्या बाजूला हे 300 अँपिअर दिसतात जेमतेम 7, कारण वेटोळ्यांचं प्रमाण 44 ला 1 आहे. वीज जोडताना क्षणभर येणारा मोठा प्रवाह सोसता यावा म्हणून तो फ्यूज पूर्ण भाराच्या 3.3 अँपिअरपेक्षा बराच मोठा ठेवलेला असतो. तो 7 अँपिअरला वेळेत उडेल याचा भरवसा नाही.

आता ऑटोस्विच. वीज गेली की स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि पंप आपोआप परत सुरू होत नाही. ऑटोस्विच वीज येताच पंप आपोआप सुरू करतो, म्हणजे ही सोयच निकामी करतो. 5 एचपीची मोटर चालताना 8 अँपिअरच्या आसपास घेते, थेट सुरू होताना सहापट. डीपीवर असे 10 पंप असले तर वीज येताच 84 अँपिअरच्या रोहित्राकडे 480ची मागणी होते. रोहित्राचा इम्पिडन्स (प्रवाहाला आतून होणारा विरोध) साडेचार टक्के धरला तर त्याच्या आतच सुमारे चतुर्थांश व्होल्टेज पडतं, लाइनमध्ये पडेल ते वेगळं. व्होल्टेज पाऊणपट झालं की मोटरचा टॉर्क (फिरण्याचा जोर) निम्म्याच्या जरासा वर उरतो. मोटरी वेग घेत नाहीत, म्हणून प्रवाहही उतरत नाही, आणि फ्यूज जातो. दोष इथे फ्यूजचा नसतो! पंप मिनिट-दोन मिनिटांच्या अंतरानं, हातानं सुरू करा.

तेल थंडावा देतं तसं इन्सुलेशनचंही काम करतं. ओलावा शिरला की त्याची ताकद झपाट्यानं घटते, म्हणून ब्रीदरमधली (रोहित्रात शिरणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली की बदलायची. पण करपलेला कागद नव्या तेलानं परत येत नाही.

फ्यूज वारंवार जात असेल तर जनमित्राला (महावितरणच्या लाइनमनला) बोलावून टाँग टेस्टरनं (तारेभोवती धरायच्या मापकानं) तिन्ही फेजचा प्रवाह मोजून घ्या. पेटीत स्वतः हात घालू नका. 63 केव्हीएच्या रोहित्रावर एकच फेज 84च्या वर असेल तर सिंगल फेजचा भार तिथून दुसऱ्या फेजवर हलवता येतो. तिन्ही वर असतील तर प्रत्येक 5 एचपी पंपाला 2 केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) कपॅसिटर बसवा. पंपामागे सव्वा अँपिअरच्या आसपास भार कमी होतो. तरीही आकडा उतरला नाही तर वाढीव क्षमतेचा अर्ज सगळ्यांनी मिळून करा, आणि सोबत मोजलेले आकडे जोडा.