झिरो माईलवरून सीमा

नागपूरच्या माणसाला सीमेची सवय नसते. शहराच्या सातशे किलोमीटरच्या आत एकही आंतरराष्ट्रीय सीमा नाही. आमची सीमा म्हणजे सावनेरच्या पुढे छिंदवाड्याच्या रस्त्यावर लागणारी मध्य प्रदेशची, आणि जुन्या लोकांसाठी शहराभोवतीचे जकात नाके, जे 2013 साली उठले. तरीही सीमेवर सर्वांत ठाम मतं कुठे ऐकायची असतील तर धरमपेठेत ट्रॅफिक पार्कजवळ संध्याकाळी चहाला उभं राहावं. म्यानमारची तार, बांगलादेशचे घुसखोर, पंजाबातले ड्रोन, सगळ्याचा निकाल दुसऱ्या कटिंगपर्यंत लागलेला असतो.

मी सध्या बिश्केकमध्ये असते. एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पामार्फत किर्गिझस्तानच्या सरकारला सीमा-व्यवस्थापनाबद्दल सल्ला देते. त्याआधीची नोकरी कस्टममध्ये झाली. सुरुवात अजनीच्या कंटेनर डेपोत, म्हणजे समुद्र नाही, शेजारी देश नाही, आणि तरी सीलबंद डबे उघडून शुल्क घेणारी कचेरी. सुट्टीवर घरी आले की शाळेच्या ग्रुपमधला कोणी ना कोणी विचारतोच, ‘‘तिकडच्या सरकारले अक्कल शिकवतेस, मंग इकडच्यायले कोण शिकवन?’’ प्रश्न चेष्टेचा असतो, पण त्याच्या पोटात एक समज असते: की सीमेवरचं शहाणपण ही एक वस्तू आहे, ती माझ्याकडे आहे आणि ती मी परक्यांना विकते आहे. प्रत्यक्षात सल्लागाराचं काम फारच नीरस असतं. पाळ्यांचे तक्ते, तपासणीच्या पद्धतींचे मसुदे, रशियन दुभाष्यामार्फत चालणाऱ्या लांबलचक बैठका, आणि टेबलावर नान, जर्दाळू, चहा. आपण बोलतो, ते मान डोलावतात, सहा महिन्यांनी त्यातलं एखादं कलम कुठल्यातरी परिपत्रकात सापडतं. तो दिवस मोठा.

पण याच नीरस कामामुळे घरच्या वादांबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण सीमेची चर्चा किलोमीटरमध्ये करतो. बांगलादेशशी 4096, पाकिस्तानशी 3323, म्यानमारशी 1643. त्यातली तार किती टाकून झाली, किती राहिली. फाटकांबद्दल कोणी बोलत नाही. फाटक किती वाजता उघडतं, तिथे किती माणसं आहेत, माल किती दिवस पडून राहतो, पलीकडच्या अधिकाऱ्याला फोन लावता येतो का. माझ्या अनुभवात सीमा तिथेच राखली जाते किंवा तिथेच हातची जाते.

बिश्केकपासून जवळच चू नदीवर अक-जोल नावाचा नाका आहे. पलीकडे कझाकस्तानचं कोर्दाय. दोन्ही देश 2015 पासून एकाच युरेशियन आर्थिक संघात आहेत, म्हणजे कागदोपत्री मालाला अडवायचं कारणच नाही. पण ऑक्टोबर 2017 मध्ये किर्गिझस्तानातल्या निवडणुकीवरून दोन्हीकडच्या नेत्यांचं बिनसलं, कझाकस्तानने तपासणी कडक केली, आणि ट्रकांची रांग कित्येक किलोमीटर लागली. भाजी, दूध, कपडे, सगळं रस्त्यावर. तार नाही, गोळी नाही. नुसती तपासणी सावकाश केली की शेजाऱ्याचा गळा आवळता येतो. नाक्यावर काम करणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून शुक्रवारी दुपारी पाळी बदलताना कोण किती मिनिटं खिडकी बंद ठेवतो, याकडे मी राष्ट्रीय धोरणापेक्षा जास्त लक्ष देते.

आता दक्षिणेला या. बातकेन प्रांतात किर्गिझ आणि ताजिक गावं एकमेकांत इतकी अडकलेली आहेत की एका घराचं अंगण इकडे आणि गोठा तिकडे. सोव्हिएत काळात रेघा नकाशावर होत्या, जमिनीवर कोणाला त्यांची गरज नव्हती. 1991 नंतर त्याच रेघा देशांच्या सीमा झाल्या, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या सालचे नकाशे काढून बसल्या. एप्रिल 2021 मध्ये गोलोव्नोय नावाच्या पाणी-वाटपाच्या ठिकाणी ताजिक बाजूने खांबावर कॅमेरे बसवायला घेतले. सुरक्षेचं साधन, दुसरं काय? किर्गिझ बाजूने खांब पाडायला माणसं आली, आधी दगड, मग बंदुका. दोन्हीकडची मिळून पन्नासवर माणसं गेली. सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा भडका उडाला, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या पुढे गेला आणि लाखावर लोकांना घरं सोडावी लागली. सीमा जवळजवळ चार वर्षं बंद होती. ज्या कॅमेऱ्याने सीमा सुरक्षित व्हायची, त्याच्यापासून हे सुरू झालं, हे मला प्रत्येक खरेदीच्या बैठकीत आठवतं. (कॅमेऱ्यांबद्दल आणखी एक: देणगीदार देशांनी दिलेली यंत्रं हिवाळ्यात वीज गेली, बॅटऱ्या गोठल्या की आंधळी होतात. फीत कापायला पैसा मिळतो, बॅटरी बदलायला मिळत नाही. हे फक्त तिकडचं आहे, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.)

13 मार्च 2025 रोजी बिश्केकमध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सीमा-करारावर सह्या केल्या आणि नाके उघडले. करारात नुसती रेघ नाही. पाण्याचं ठरलं, काही रस्ते दोघांनीही वापरायचे असं ठरलं. त्यानंतर काही भागांत तारही ओढली जाते आहे. म्हणजे तारेला माझा विरोध आहे असं समजू नका. क्रम महत्त्वाचा. आधी रेघ दोघांना मान्य, मग पाणी, मग रस्ता, आणि शेवटी तार. उलट्या क्रमाने काय होतं हे शेजारच्या उझबेकिस्तानने दाखवलं. 1999 मध्ये बॉम्बस्फोट झाल्यावर त्याने तार टाकली, सुरुंग पेरले. सुरुंगांनी अतिरेक्यांपेक्षा मेंढपाळ आणि त्यांची गुरं जास्त मारली. 2017 मध्ये ओशजवळचा दोस्तुक नाका पुन्हा खुला झाला तेव्हा नात्यातली माणसं वर्षांनी एकमेकांच्या लग्नांना जाऊ लागली.

या गोष्टी नागपुरात सांगितल्या की ठरलेलं उत्तर येतं: ‘‘किर्गिझस्तानच्या शेजारी पाकिस्तान नाही.’’ बरोबर आहे. माझा भाऊ हे बोलतो तेव्हा मी वाद घालत नाही. पंजाबात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तार पुरी झाली आणि शस्त्रं घेऊन चालत येणं अवघड झालं, हे खरंच आहे. चहा-नानवर तो प्रश्न सुटणारा नव्हता. पण 2019 पासून त्याच तारेवरून ड्रोन येऊ लागले, हेरॉइन आणि पिस्तुलं घेऊन. तार तिथेच उभी आहे. आता पैसा, माणूस आणि डोकं आकाशाकडे लावायचं, की तारेची उंची वाढवायची? हा प्रश्न टपरीवर येत नाही, कारण त्यात छाती फुगवण्यासारखं काही नाही.

म्यानमारचं तर आणखी वेगळं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने तिथली मुक्त वावराची व्यवस्था (सीमेलगतच्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा) बंद करून सगळ्या सीमेवर तार टाकायचं जाहीर केलं. काही आठवड्यांतच मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. पुढे त्याच वर्षी व्यवस्था पूर्ण बंद न करता दहा किलोमीटरपर्यंत पास देऊन चालू ठेवायचं ठरलं. नागालँडच्या लोंगवा गावात प्रमुखाच्या घरातूनच सीमा जाते. मणिपूरमधल्या हिंसेनंतर तार हवी वाटणाऱ्यांची भीती खोटी नाही. पण लोंगवात ती तार स्वयंपाकघरातून न्यायची की बैठकीतून, हे सांगायची जबाबदारी आपल्यावर, झिरो माईलवर बसलेल्यांवर, कधीच येत नाही.

भाचा सीमा सुरक्षा दलात आहे, बंगालच्या सीमेवर. गेल्या वेळी तो हिंगण्याला घरी आला होता तेव्हा जेवताना सांगत होता. तार प्रत्यक्ष सीमेपासून दीडशे यार्ड आत आहे. त्यामुळे कित्येक शेतकऱ्यांची भातशेती तारेच्या पलीकडे पडते, आपल्याच देशात. सकाळी फाटक उघडायचं, ओळखपत्र जमा करून घ्यायचं, वहीत नाव, बैल, नांगर लिहायचं. ठरलेल्या वेळी फाटक बंद. ‘‘आत्याजी, पाऊस आला, गाय ब्यायली, पोराले साप चावला, तरी वेळ म्हणजे वेळ. थो म्हातारा मले शिव्या देते, आन् मी फाटक उघडतो बी, लिहितो बी.’’ मी विचारलं, उघडलंस ते वहीत लिहितोस? तो हसला, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि विषय बदलला. आमच्या प्रकल्पात या ‘हसला’साठी एक अख्खा मसुदा आहे: अपवाद कोणी करायचा, कोणाला कळवायचं, करणाऱ्या जवानाला संरक्षण काय. भाच्याच्या चौकीवर असा कागद असेल तर त्याच्या हसण्यात तो दिसला नाही.

आणि एक गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. बिश्केकमध्ये, ओशमध्ये, ताजिकिस्तानच्या राजधानीतून, दुशान्बेहून आलेले अधिकारी भेटले तर त्यांच्याकडूनही, मला कायम विचारली जाते ती कूचबिहारची हकीकत. भारत आणि बांगलादेशने छिटमहालांची अदलाबदल केली कशी? एका देशाच्या पोटात दुसऱ्याची गावं, त्यात पुन्हा पहिल्याची. आमची 111 त्यांच्याकडे, त्यांची 51 आमच्याकडे. 1974 मध्ये इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी करार केला, 2011 मध्ये मनमोहन सिंग आणि शेख हसीना यांनी त्याला पुरवणी जोडली, 2015 मध्ये मोदींच्या सरकारने घटनादुरुस्ती आणली आणि संसदेने ती एकमताने मंजूर केली. 31 जुलैच्या मध्यरात्री झेंडे बदलले; माणसांना नागरिकत्व कोणाचं हवं ते निवडता आलं. किर्गिझ, ताजिक आणि उझबेक सीमा जिथे भिडतात त्या फरगाना खोऱ्यात अशाच बेटांवरून माणसं मेली, त्यामुळे तिथले लोक ही कथा कान देऊन ऐकतात, नकाशे मागतात. धरमपेठेत सांगा; दहातल्या नऊ जणांना हे झालं होतं हेच आठवत नाही. दोन पक्षांच्या तीन पंतप्रधानांनी एकच काम पुढे नेलं, यात भांडायला काही मिळत नाही, म्हणून असेल.

परदेशातलं सगळं गोमटं असंही नाही. 2022 मध्ये केम्पिर-आबाद धरणाची जमीन उझबेकिस्तानला जाणार म्हणून ज्यांनी विरोध केला, त्या किर्गिझ कार्यकर्त्यांना आणि राजकारण्यांना पकडण्यात आलं. खटला चालला, 2024 मध्ये ते निर्दोष सुटले. मधली वर्षं गेली ती गेली. सीमेचा वाद पटकन मिटला, कारण विचारणारे तुरुंगात होते. विधानसभेने ठराव करून केंद्राला अडवावं, ही आपल्याकडची कटकट तिकडून फार मोलाची दिसते.

घुसखोर या विषयावर तर मी घरी आता बोलतच नाही, पण मे 2024 ची ती रात्र सांगते. बिश्केकमध्ये आपल्याकडची हजारो पोरं डॉक्टरकी शिकतात, विदर्भातली कितीतरी. एका मारामारीचा व्हिडिओ पसरला आणि 17 तारखेच्या रात्री जमावाने परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहं फोडली. दूतावासाने घरातच थांबा असं सांगितलं. मला वर्ध्याहून, काटोलहून पालकांचे फोन. त्यातल्या एका काकाजींचा आवाज मी ओळखला. शाळेच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाकडून ‘बाहेरच्यांना हाकला’ छापाचे संदेश नेमाने येतात. त्यांची नात त्या रात्री खोलीला आतून कपाट लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी बैठकीत एक किर्गिझ अधिकारी मान खाली घालून बसला होता. त्याचा भाऊ मॉस्कोत टॅक्सी चालवतो; त्याच वर्षी मार्चमध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहावर झालेल्या अतिरेकी हल्ल्यानंतर तिथल्या विमानतळावर मध्य आशियाई तोंडवळ्याच्या माणसांना रांगेतून बाजूला काढत होते, आणि भाऊ त्यात होता.

राहिला संत्र्यांचा विषय, आणि नागपूरकराने सीमेवर खरंच भांडायचं असेल तर ते इथे. आपल्या संत्र्यांचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. वरुड, काटोल, नरखेडहून ट्रक निघतो तो बनगावच्या पार्किंगमध्ये पेट्रापोलच्या रांगेत लागतो, पलीकडे बेनापोलला माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरतात. 2019 मध्ये बांगलादेशचं आयात शुल्क किलोला 20 रुपयांच्या घरात होतं, 2023 पर्यंत ते 88 च्या घरात गेलं. बागा तोडल्या लोकांनी. ऑक्टोबर 2024 मध्ये पेट्रापोलला मालासाठी ‘मैत्री द्वार’ नावाचं नवं फाटक उघडलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर त्यावर एक शब्द नव्हता. त्याच आठवड्यात तारेवर मात्र रणकंदन चालू होतं. आपल्या खासदाराला कोणी विचारलं का, की नाशवंत मालाला वेगळी रांग आहे का, रविवारी नाका चालतो का, शुल्काचा विषय ढाक्याशी कोण बोलतंय?

पुढच्या महिन्यात अक-जोलला नेमकी हीच बैठक आहे. जर्दाळू आणि चेरीच्या ट्रकांना तपासणीची वेगळी खिडकी द्यायची का. कझाक बाजू म्हणते, आधी तुमची वजनं खरी आहेत हे दाखवा. मुद्दा त्यांचा रास्त आहे, काटे जुने आहेत. काट्यांच्या टेंडरचा मसुदा माझ्याकडे आहे आणि देखभालीचं कलम मी ठळक अक्षरांत टाकलं आहे.