कागदाचं पम्पकिन आणि आमचं डांगर

रात्री साडेनऊला भाचीचा फोन. "मावशी, केशरी कार्डशीट कुठं मिळंल गं आत्ता?"

भाची संभाजीनगरला, मी सेलूत. मी काय सांगणार, कप्पाळ! तिच्या लेकीच्या नर्सरीत दुसऱ्या दिवशी 'पम्पकिन डे' होता. मेसेज आला संध्याकाळी सातला. गोल कापायचं, हिरवा देठ लावायचा, वर तिरके डोळे आणि दात. शेवटी जावईबापूंनी जुन्या लग्नपत्रिकेचा केशरी लिफाफा शोधून काढला. कापलं आईनं, चिकटवलं बापानं, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं ते लेकरू साडेआठलाच झोपलेलं. सकाळी ते पम्पकिन हातात देऊन फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झालं. शाळेच्या वहीत याला 'हँड्स-ऑन अॅक्टिव्हिटी' म्हणत असतील. हात लागले होते, खोटं कशाला बोलू. फक्त लेकराचे नव्हते.

पुढच्या रविवारी मी तिकडं गेले तर भाचीनं भाजीला डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, फाक आणलेली. मी लेकीला म्हणलं, हे बघ तुझं पम्पकिन. ती म्हणाली, "हे नाहीये. पम्पकिन गोल असतं." आम्ही हसलो, पण नंतर वाटलं, तिचं काय चुकलं? शहरात पाव किलोची फाक मिळते. अख्खं डांगर त्या लेकरानं पाहिलंय कधी?

आता कुणी म्हणेल, बाईंचा राग हॅलोविनवर, म्हणजे भोपळ्याला डोळे-दात कोरायच्या त्या परदेशी सणावर दिसतोय. नाही हो. हॅलोविनमध्ये तर आधी आयर्लंडात सलगमासारखे कंद कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर लोकांनी भोपळा धरला. आणि आपलं डांगर तरी कुठं इथलं? तेही मूळचं अमेरिका खंडातलंच, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलं आणि उकिरड्यावर असं पसरलं की कुणाला परकं वाटेना. एका घरात डांगर, शेजारच्या घरात काशीफळ, सुनेच्या माहेरी गंगाफळ, पुस्तकात लाल भोपळा. तिकडच्या बालवाड्यांत तर लेकरं खरोखर मळ्यात जाऊन भोपळा उचलून आणतात, आतला गर हातानं ओरबाडतात, गोल्फच्या लाकडी खुंट्या छोट्या हातोडीनं त्यात ठोकतात. ते मला आवडतं. आपण त्यातलं नेमकं कार्डशीट उचललं.

आमच्या बालवाडीत चोवीस लेकरं, तीन ते सहा वयाची. महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवडी बाजारातून मी सहा किलोचं एक डांगर आणलं, दीडशे रुपयांच्या आत. रिक्षातून उतरवलं आणि दारात ठेवून दिलं, काही बोलले नाही. पाच मिनिटांत सगळी भोवती. कुणी ढोल वाजवला, कुणी बसून पाहिलं. दोघांनी मिळून उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा 'जड' हा शब्द मला शिकवावा लागला नाही.

मग मी म्हणलं, ह्याच्या अंगावर रेघा किती आहेत ते मोजा. बावीस वर्षांच्या नोकरीतला हा प्रसंग मी विसरणार नाही. रेघा गोल फिरतात ना. एक पोरगी मोजत निघाली, अकरा, बारा, तेरा, आणि थांबेचना. एकवीसपर्यंत गेली. पुढं तिला येत नव्हतं म्हणून थांबली. दुसऱ्याचं उत्तर सतरा. तिसऱ्याचं नऊ. भांडणं. मी गप्प. तेवढ्यात एका साडेचार वर्षांच्या पोरीनं कपाळावरची टिकली काढली, एका रेघेवर चिकटवली आणि म्हणाली, "हितून निघायचं अन् हितं आलं की बास." चौदा. मग प्रत्येकाला टिकली लावून मोजायचं होतं. हे मी फळ्यावर काढून कसं शिकवलं असतं, सांगा.

पाण्यात टाकलं तेव्हा सगळ्यांनी आधीच ओरडून सांगितलेलं, बुडणार! खडा मात्र तरंगेल, कारण तो हलका. टबात डांगर तरंगलं आणि खडा तळाला. एकदम शांतता. "कामून?" एकानं विचारलं. मी लगेच सांगितलं नाही. चिरल्यावर आत पोकळी दिसली तेव्हा त्यानंच बोट घातलं आणि म्हणाला, "हे रिकामं हाय बाई." त्याच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की पूर्वी लेकरं वाळका भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकायची. तो भोपळा वेगळा, दुधीच्या जातीचा, पण गोष्ट तीच. लेकीकडं निघालेली म्हातारी आत कशी मावली, हेही त्या दिवशी सगळ्यांना पटलं.

चिरायचं काम माझं. विळी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, एवढं नक्की. आतला गर मात्र पूर्ण त्यांचा. दोघांनी हात घातलेच नाहीत, शी म्हणाली, नाक धरलं. ओढूनताणून घालायला लावू नये, चमचा द्यावा. बिया धाग्यांतून सोडवताना अंगठा आणि दोन बोटं जशी चालतात, तीच पकड पुढं पेन्सिलीला लागते. कितीही रेघोट्या गिरवून घ्या, हे बोटांचं बळ त्यातून येत नाही.

आणि इथं माझी चूक. बिया धुऊन पेपरवर वाळत घातल्या, मी पाणी ओतायला बाहेर गेले, तेवढ्यात एकानं एक बी नाकात घातली. त्याच्या बापाच्या मोटरसायकलवर दवाखाना गाठला, डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढली, पण माझे पाय थरथरत होते. तेव्हापासून बिया मोजायच्या त्या चारपाच लेकरांच्या गटात, माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्याच डब्यातून. ज्या कुणी बाई हे करणार असतील त्यांनी हे आधी वाचावं, बाकीचं नंतर.

मोजणी बोटांनी केली. प्रत्येक बोटापुढं एक बी, दहा झाल्या की एक ढीग. एकतीस ढीग आणि वर दोन.

एका लेकराला न्यायला आलेली आजी दारातूनच बोलली, "खायच्या वस्तूचा खेळ करायलेत का बाई?" मला तिचं म्हणणं आवडलं. आमच्या भागात दुष्काळ पाहिलेल्या माणसाला अन्न मातीत गेलेलं बघवत नाही, आणि बघवूही नये. म्हणून आमचा नियम, चिरलेलं डांगर त्याच दिवशी शिजलं पाहिजे. त्याच आजीला बसवून घेतलं. किसलं, गुळात शिजवलं, निवल्यावर त्यात कणीक, पाण्याचा थेंब नाही. "मावंल तेवढीच," आजी सांगत होती आणि पोरं मळत होती. मोठ्या परातीत बारा हात. घारगे तळले आम्ही दोघींनी, पोरांना चुलीपासून लांब बसवून. बावीस जणांनी खाल्ले. शी म्हणणाऱ्या दोघांनी तेव्हाही खाल्ले नाहीत.

एका पालकांनी ग्रुपवर लिहिलं, बाई भोपळा शिकवायलेत, परीक्षेत पण भोपळाच आणतील लेकरं. मी अंगठा पाठवला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी माँटेसरी साधनं कुठून आणणार होत्या? गावात जे मिळतं त्यातूनच साधनं केली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून, हाताळण्यातून म्हणून लिहिलाय. आमच्या काही शाळांनी त्यातला फक्त फोटोचा भाग मनावर घेतलेला दिसतो.

थोड्या बिया आम्ही कुंपणाशी लावल्या. आठवडाभरात कोंब आले, काहींच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. एक पोरगा रोज माती उकरून 'आलं का' बघायचा, त्याचं रोप गेलं. बाकीचा वेल आता तारेवर चढलाय. बालवाडी साडेआठला भरते म्हणून फुलं उघडी सापडतात, दुपार व्हायच्या आत मिटतात. आधी नुसती नराचीच फुलं यायची आणि गळायची, पोरं हिरमुसायची. मागच्या सोमवारी एका फुलामागं इवलंसं गोल दिसलं. आता लिंबाएवढं झालंय.

त्या आजीनं सांगून ठेवलंय, कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं. त्यामुळं आलेल्या प्रत्येक माणसाला चोवीस लेकरं ते फळ कोपरानं दाखवतात.