अजून ऐकला नाहीस व्हय तो बँड?

अभिनंदन भावा. घरातले सगळे घोरायला लागल्यावर, रात्री दीड वाजता, कानात हेडफोन घालून तू एक नवीन बँड शोधून काढलास. आइसलँडचा असेल, मालीचा असेल, नाहीतर शिलाँगच्या चार पोरांनी हॉस्टेलच्या खोलीत गादी भिंतीला टेकवून रेकॉर्ड केलेला असेल, कुठला का असेना, सापडला हे महत्त्वाचं. आता काळजी एकच घ्यायची, गाणं पूर्ण ऐकत बसायचं नाही. पूर्ण गाणी रिकामटेकडी माणसं ऐकतात, तुझं काम शोधायचं आहे. गिटार जरा विचित्र वाजली, गाणारा काय म्हणतोय ते कळेना झालं, की समजायचं माल अस्सल आहे आणि तिथल्या तिथं लिंक कॉपी करून शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर टाकायची. खाली एवढंच लिही, "हे ऐका. बास." सकाळी एक अंगठा आलेला दिसेल, तो तुझ्या लिंकच्या वर कुणीतरी टाकलेल्या शुभ सकाळला असतो, पण आपल्यालाच आला असं धरून चालायचं.

बँड निवडताना गाणं नंतर बघ, आधी त्याखालचा आकडा बघ. महिन्याला लाखभर लोक ऐकतात? सोड, तो बँड आता सगळ्या गावाचा झाला. दहा हजार? चालेल, पण कुणाला सांगू नको. हजाराच्या आत असेल तर मात्र डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. आता यातली खरी गंमत ऐक. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं मोजतात, आणि तू विसाव्या सेकंदाला पुढच्या बँडकडं निघालेला असतोस, म्हणजे त्यांच्या हिशोबात तू तिथं गेलाच नव्हतास. त्यात २०२४ पासून असा नियम झालाय की ज्या गाण्याला वर्षभरात १००० स्ट्रीम, म्हणजे असं मोजलेलं ऐकणं, होत नाहीत त्याला रॉयल्टीच नाही. आणि तुला तर हजाराच्या आतलेच लागतात! म्हणजे ज्यांच्यावर तू जीव ओवाळून टाकतोस त्यांच्या खिशात एक दमडी पडणार नाही, याचा दोन्हीकडून चोख बंदोबस्त झालेला आहे. याला म्हणतात निखळ प्रेम, पैशाचा विटाळ नाही.

बँडकॅम्प म्हणून एक भानगड २००८ पासून आहे, तिथं अल्बम सरळ विकत मिळतो, बराचसा पैसा बँडलाच जातो, आणि २०२० पासून काही ठराविक शुक्रवारी तर ते स्वतःचं कमिशनपण सोडून देतात. तिथं जरूर जा. विशलिस्टमध्ये टाक, स्क्रीनशॉट काढ आणि परत ये. तीनशे-साडेतीनशे रुपये म्हणजे काय थोडेथोडके नाहीत, तेवढ्यात चौघांची मिसळ होते.

मिसळीवरून आठवलं, प्रचाराला मिसळीच्या टेबलासारखी जागा नाही, कारण समोरच्याला उठून जाता येत नाही. कटाची वाटी आली, पावाचा पहिला तुकडा बुडवला, की त्याला न विचारता आपला एक इअरबड त्याच्या कानात घालायचा. समज तुझा एक दोस्त उद्यमनगरात फाउंड्रीत आहे (कोल्हापुरात प्रत्येकाचा एक असतोच). तो विचारणार, गाण्याचं नाव काय रं?

"नाव नाही."

"आणि अल्बमचं?"

"कंस."

"कुठला कंस? किस्नाचा मामा व्हय?"

इथं हसायचं नाही, चेहरा गंभीर ठेवायचा. शांतपणे समजावून सांगायचं की बाबा रे, सिगुर रोस नावाचा आइसलँडचा बँड आहे, त्यांनी २००२ साली अल्बम काढला त्याला नाव म्हणून नुसती कंसाची जोडी आहे, आत आठ गाणी, एकालाही नाव नाही. मग तो म्हणेल, बरं मग म्हणतोय काय गडी? तर सांगायचं, काही नाही, ती भाषापण त्यांनीच केलेली आहे, नुसते आवाज आहेत. तो घास तसाच धरून तुझ्याकडं बघेल, मग पोहे-शेव नीट मिसळून घेत म्हणेल, "मग ह्यात तुला कळलं काय?" हा प्रश्न अत्यंत अडाणीपणाचा आहे, त्याला उत्तर द्यायचं नसतं. "फील घे" म्हणायचं आणि तर्री मागवायची.

पण एक धोका सांगून ठेवतो. कधीकधी समोरचा खरंच ऐकायला लागतो. तू त्याला तिनारिवेन ऐकवलास, सहारातल्या तुआरेग लोकांचा बँड, आणि भाव खायला म्हणून सांगितलंस की त्यांचा म्होरक्या इब्राहिम अग अलहबीब यानं लहानपणी पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन घरीच केली होती. झालं, फाउंड्रीवाल्याचा चमचा थांबला. "ब्रेकची तार? मग ती ताणून धराय खुंटी कशाची मारली आसंल? काठी वाकत न्हाई व्हय?" तुला काय माहीत? तू तेवढं वाचून पुढच्या बँडवर गेला होतास. तो मात्र म्हणतो, "पुन्यांदा लाव की." आणि परत लावलं तर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतो, मिसळ गार झाली तरी! हा माणूस हातातून गेला असं समज. आठवड्याभरात त्याच्या भट्टीवर ती गाणी स्पीकरला लागलेली असणार, मोल्डिंगचा गडी वाळू कुटता कुटता त्या ठेक्यावर मान हलवणार, आणि तुझा खासगी शोध चार चौकांत फिरणार. उपाय एकच, पुढच्या भेटीत नाक मुरडून सांगायचं, "तिनारिवेन व्हय? ते २०१२ ला ग्रॅमी मिळाल्यापास्नं संपले."

घरच्यांच्या प्रबोधनासाठी नरसोबाच्या वाडीचा प्रवास उत्तम. गाडीत पहिला बसायचं, काकांच्या आधी ब्लूटूथ जोडायचं. मागनं आत्या म्हणेल, बाळा, फडक्यांचं काहीतरी लाव की रे. सुधीर फडके १९१९ साली कोल्हापुरातच जन्मले हे आत्या तुला वर्षातनं दोनदा सांगत असते, ते परत एकदा सांगेल. तू म्हणायचं, आत्या, त्यांना सगळेच ऐकतात गं, आणि बारा मिनिटांचा एक ड्रोन ॲम्बियंट ट्रॅक लावायचा ज्यात पहिली पाच मिनिटं नुसता घरघर आवाज आहे. हातकणंगले गेल्यावर काका काळजीत पडतील. आवाज कमी करतील, कान देतील, आवाज वाढवतील. शेवटी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडतील, कारण त्यांच्या मते बेअरिंग गेलंय. तेवढ्यात बरोब्बर सातव्या मिनिटाला ड्रम सुरू होतो आणि ते ऐकायला गाडीत फक्त आत्या असते, ती पदरानं वारा घेत विचारते, "हे आता चालू झालं का बंद पडलं?" खरं सांगायचं तर त्या ट्रॅकची याहून नेमकी समीक्षा मी कुठं वाचलेली नाही, पण आत्याला तसं कळू द्यायचं नाही.

तालमीच्या मीटिंगला जाऊन यंदा मिरवणुकीत डॉल्बीवर पोस्ट-रॉक (बहुतेक शब्दांशिवायची लांबच लांब गिटार) लावू असं सुचवून बघायला हरकत नाही. पळायची तयारी ठेवून सुचव.

सोमवार हा आपला महत्त्वाचा वार. २०१५ पासून स्पॉटिफाय दर सोमवारी डिस्कव्हर वीकली म्हणून ३० गाण्यांची यादी देतं, तू काय ऐकलंस आणि तुझ्यासारख्यांनी काय ऐकलं याचा ताळा घालून मशीन ती बनवतं. म्हणजे पुण्यात, बंगळुरात, पार जर्मनीत तुझ्यासारखाच एकेक गडी अंथरुणात पडल्या पडल्या तेच गाणं "शोधत" असतो. पण हे चारचौघांत बोलायचं नसतं. मशीननं दिलं असं म्हणायचं नाही, "खणून काढलं" म्हणायचं. जमलं तर "एका जुन्या कॅसेटवरनं" असंपण जोडून द्यावं, कॅसेट म्हणलं की माणसं पुढं विचारत नाहीत.

आणि एक दिवस तो काळा दिवस उगवतोच. तुझ्या बँडचं पंधरा सेकंदांचं तुकडं कुणाच्यातरी रीलला लागतं, कुत्र्याला अंघोळ घालतानाच्या, आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातनं तेच गाणं फुल्ल आवाजात येतं, वर ड्रायव्हर हँडलवर बोटांनी ठेका धरून बसलेला. बरं ठेका बरोबर धरलेला असतो, हे जास्त लागतं. पण हातपाय गाळायचे नाहीत. घरी जाऊन सगळी गाणी लायब्ररीतनं काढ, सुतक पाळ आणि लोकांना सांगत सुट की पहिल्या ईपीनंतर, म्हणजे छोट्या अल्बमनंतर, त्यांनी स्वतःला विकलं. कुणाला विकलं, केवढ्याला विकलं, हे विचारणारा अजून कुणी जन्माला आलेला नाही. परवापर्यंत जे गाणं तुझ्या काळजाचा तुकडा होतं ते अक्षरशः तेच आहे, एक सूर बदललेला नाही, फक्त आता ते रिक्षावाल्यालापण आवडतं, मग ते चांगलं कसं असंल, तूच सांग.

लाइव्ह ऐकायचं म्हणशील तर कोल्हापुरात असले बँड येत नाहीत, पुण्याला जावं लागतं. एनएच७ वीकेंडर हे बँडांचं संमेलन २०१० ला तिथंच सुरू झालं. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं, दुपारी तीनच्या उन्हात ज्याच्यासमोर एकवीस माणसं उभी आहेत तो बँड बघायचा, तोपण मोबाइलमधनं, आणि रात्री मुख्य बँड स्टेजवर आला की "हे तर सगळ्यांनाच माहितेत" म्हणून वडापाव शोधायला निघायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, शोध फक्त बाहेर घ्यायचा. चुकूनसुद्धा गावात काही सापडू द्यायचं नाही. इथं गायन समाज देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासून आहे. जयपूर-अत्रौली घराणं ज्यांच्यापासून सुरू झालं ते अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथंच दरबारगायक होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली, त्यातलं एक यान २०१२ ला सूर्याचा प्रभाव संपतो त्याच्याही पलीकडं गेलं आणि आज २४०० कोटी किलोमीटरच्या पुढं आहे. म्हणजे तू जी गोष्ट रात्री दीडला आइसलँडच्या रेकयाविकमध्ये धुंडाळतोयस, लांबची, विचित्र, शब्द लवकर न कळणारी, एकेका सुरावर मिनिटभर थांबणारी, ती आपल्या गावच्या दरबारात मुरलेली होती आणि आता सूर्यमालेच्या बाहेर निघालीय. पण तुझ्या दृष्टीनं बघितलं तर विषय संपला. आजोबा ऐकायचे, शिवाय नासानं उचललं. याच्यापेक्षा मेनस्ट्रीम काय असतं?

तसंच राजारामपुरीत कुणाच्यातरी गाळ्यात, शटर अर्ध्यावर ओढून, तीन-चार पोरं रविवारी प्रॅक्टिस करतात. तुला माहितेत ती, ड्रमवाला तुझ्या भावाच्या वर्गात होता. मराठीत स्वतःची गाणी करतात, हलगीचा तोडा ड्रमवर बसवायचं काहीतरी खटाटोप चाललाय, आणि भूक लागली की ॲम्पवरच भडंगाचा पुडा फोडतात. तिथं जाऊ नको. ज्याला आपण हाफ चड्डीत बघितलंय त्याला आर्टिस्ट म्हणणं जड जातं. त्यांनी शंभर रुपये तिकीट लावून हॉल घेतला तर फोन करून आधी पास मागायचा, "आपल्याच माणसाकडनं पैसे घेणार व्हय रं?" आणि पास मिळाला तरी जायचं नाही, त्या दिवशी पोर्तुगालच्या कुणाचातरी नवा सिंगल येणार असतो. यूट्यूबवर त्यांनी व्हिडिओ टाकला तर "मिक्सिंगवर काम करा" एवढी कमेंट टाकायची, पुढं एक नमस्कार.

आणि समजा उद्या तीच पोरं खरंच मोठी झाली, पुण्यामुंबईची माणसं त्यांचे टी-शर्ट घालून फिरायला लागली, तर घाबरायचं कारण नाही. त्यांच्यातल्या एकाच्या लग्नात किंवा मुंजीत काढलेला ग्रुप फोटो तुझ्याकडं असणारच. तो टाकायचा, वर लिहायचं "तेव्हापास्नं ऐकतोय", आणि फाउंड्रीवाल्या दोस्ताला तेवढं ब्लॉक करून ठेवायचं, कारण तो त्या पहिल्या शोला तिकीट काढून गेला होता आणि खाली लिहिल्याशिवाय राहणार नाही, "तू कवा आलतास रं?"