मोठ्या पीसीडीसाठी जुना अ‍ॅक्सल ‘नुसता भोके पाडून’ बदलता येत नाही

क्रायस्लरच्या १९६० ते १९७६ या काळातल्या ए-बॉडी (कंपनीच्या लहान गाड्यांचा सांगाडा) गाड्यांविषयी, म्हणजे प्लिमथ व्हॅलियंट, बॅराकुडा, डस्टर आणि डॉज डार्ट यांच्याविषयी, एक सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. मागचा अ‍ॅक्सल लहान पीसीडीवरून, म्हणजे चाकाचे स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याच्या लहान व्यासावरून, मोठ्यावर न्यायचा तर अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढा, फ्लँजवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या चकतीवर, जुन्या भोकांच्या मधोमध पाच नवी भोके पाडा, तशीच ड्रमवरही पाडा आणि नवे स्टड ठोका. एका दुपारचे काम आहे. वेगळा अ‍ॅक्सल विकत घेणे म्हणजे पैशांची उधळपट्टी, आणि भोकेही नको असतील तर ड्रम आणि चाकाच्या मध्ये बसणारा अ‍ॅडॅप्टर लावा, फरक काही पडत नाही, असे त्या सल्ल्याचे स्वरूप आहे. मराठी वाचकांना प्लिमथ आणि डॉज ही नावे कुर्ल्याच्या प्रीमियरमुळे परिचित आहेत. मात्र हा सल्ला अमेरिकेतल्या ए-बॉडी गाड्यांविषयी आहे, आणि माझ्या मते तो जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चुकतो.

बदल करण्यामागची गरज खरी आहे, हे आधी मान्य करतो. या गाड्यांची लहान पीसीडी पाच स्टडची आणि चार इंची, म्हणजे १०१.६ मिलिमीटरची आहे. या मापाची चाके आज फार थोडी मिळतात. साडेचार इंची, म्हणजे ११४.३ मिलिमीटरची पीसीडी मात्र इतर असंख्य गाड्यांना आहे. खुद्द क्रायस्लरनेही १९७३ पासून डिस्क ब्रेकच्या ए-बॉडी गाड्यांना हेच माप दिले. तेव्हा आक्षेप बदलाला नाही, सुचवलेल्या मार्गाला आहे.

आता भोकांचा हिशेब पाहू. नव्या स्टडचे केंद्र जुन्यापेक्षा फक्त ६.३५ मिलिमीटर बाहेर सरकते. अर्ध्या इंची स्टडला सुमारे १५ मिलिमीटरचे भोक लागते, त्यामुळे त्याच रेषेत नवे भोक पाडले तर ते जुन्यात मिसळून लंबगोल खाच तयार होते. म्हणून भोके ३६ अंश फिरवून जुन्यांच्या मध्ये घ्यावी लागतात, आणि इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. परंतु नव्या भोकाची बाहेरची कड अ‍ॅक्सलच्या केंद्रापासून सुमारे ६४.६ मिलिमीटरवर येते, याचा अर्थ फ्लँजचा व्यास १२९ मिलिमीटर असेल तर त्या कडेबाहेर लोखंडच उरत नाही. फ्लँज लहान पीसीडीसाठी घडवलेला असतो. त्याची कड पुरेशी बाहेर आहे की नाही हे मोजल्याशिवाय ड्रिल लावणे हा निव्वळ धोका आहे, आणि सल्ला देणारे मोजायला सांगतच नाहीत. फ्लँजमध्ये आतल्या नटांपर्यंत पाना पोहोचावा म्हणून ठेवलेले मोठे भोक असेल, तर तेही नव्या पाचांपैकी एखाद्याच्या वाटेत येऊ शकते.

माझ्या १९६९ च्या डार्टचा अ‍ॅक्सल आधीच्या मालकाने एका वर्कशॉपमध्ये असाच करून घेतला होता. डावे चाक काढताना एक नट पान्यासोबत फिरत राहिला, पण सुटेना. ड्रमच्या आत स्टडच नटाबरोबर फिरत होता. स्टडच्या मानेवरचे दाते भोकाच्या भिंतीत रुतून बसायला हवेत, आणि त्यासाठी भोकाचे माप अगदी काटेकोर लागते. हाताने धरलेल्या ड्रिलने पाडलेले हे भोक अंडाकृती झाले होते. शेवटी तो स्टड कापून ड्रम उतरवला, तेव्हा त्या भोकाबाहेर उरलेली कड मला बोटाच्या नखाने सहज मापता आली. त्या कडेवरून माझ्या घरातली माणसे महामार्गावर फिरली होती, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

‘ड्रमलाही तशीच भोके पाडा, नट कसले की तो आपोआप मध्यावर येतो,’ हा दुसरा मुद्दा. नटाचा शंकू चाकाच्या भोकात बसून चाकाला मध्यावर आणतो, ड्रमला नव्हे. ड्रमची भोके स्टडपेक्षा सैल असतात. त्याला मध्यावर धरते ते अ‍ॅक्सलच्या टोकावरचे गोल उंचवट्याचे वर्तुळ, ज्यावर ड्रमचे मधले भोक बसते. मूळ लहान ड्रम वापरला तर हे वर्तुळ जुळते, पण मोठ्या पीसीडीचा तयार ड्रम आणला तर त्याचे मधले भोक मोठे असू शकते. मग ड्रम स्टडच्या सैलपणाइतका एका बाजूला बसतो आणि ब्रेक दाबला की पायाखालचे पेडल चाकाच्या प्रत्येक फेरीला ठोके देते. पुष्कळ जण हा दोष ड्रम वाकडा झाल्याचा समजून लेथवर घासून घेतात आणि चांगला ड्रम विनाकारण पातळ करतात.

अ‍ॅडॅप्टरविषयी थोडक्यात सांगतो. दोन्ही पीसीडी इतक्या जवळच्या आहेत की जुने नट आणि नवे स्टड एकमेकांना अडू नयेत म्हणून अ‍ॅडॅप्टर साधारण इंचभर जाड लागतो. चाक तितकेच बाहेर सरकते, टायर मडगार्डला घासू शकतो आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. म्हणून ‘फरक काही पडत नाही’ हे विधान खरे नाही.

वेगळा अ‍ॅक्सल ही उधळपट्टी आहे, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण योग्य अ‍ॅक्सल क्रायस्लरनेच बनवून ठेवला आहे. १९७३ नंतरच्या ए-बॉडीखालचा सव्वाआठ इंची (हे माप आतल्या मोठ्या दातेरी चक्राच्या व्यासाचे) अ‍ॅक्सल मोठ्या पीसीडीचा मिळतो, आणि १९६७ ते १९७२ च्या गाडीत कमानपाट्यांच्या बैठका न कापता बसतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि क्रॉस जॉइंट तेवढे तपासावे लागतात. मूळच्या नाजूक सव्वासात इंचीपेक्षा तो दणकटही आहे. याउलट बी-बॉडीचा, म्हणजे क्रायस्लरच्या त्याहून मोठ्या गाड्यांचा, अ‍ॅक्सल सरसकट चालेल असे जे जोडीने सांगितले जाते ते फसवे आहे, कारण तो रुंद आहे आणि त्याच्या बैठका ४३ इंचांपेक्षा जास्त अंतरावर आहेत.

ज्यांच्याकडे पावणेनऊ इंची हाउसिंग (बाहेरचे कवच) आहे त्यांना मोठ्या पीसीडीचे तयार अ‍ॅक्सल शाफ्ट घेता येतात, पण तेही एका दुपारचे काम नाही. बेअरिंगवरची जुनी कॉलर छिन्नीने तोडावी लागते आणि नवी प्रेसवर बसवावी लागते. कॉनिकल, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रोलरची, बेअरिंग असतील तर उजव्या टोकाच्या अ‍ॅडजस्टरने शाफ्टची आतबाहेर हालचाल ०.००८ ते ०.०१८ इंचांत आणावी लागते, आणि ती डायल गेजवर पाहिल्याशिवाय कळत नाही. १९७० पर्यंतच्या गाड्यांत डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात, त्यांच्या टोकावर बहुधा एल कोरलेला दिसतो. नव्या शाफ्टला मात्र सहसा दोन्हीकडे सरळ आटे येतात. मागे सरळ आणि पुढे उलटे अशी मिसळ राहिली, तर रस्त्याकडेला मदतीला आलेला माणूस पुढचे डावे नट सैल करतो आहे असे समजून कसत राहील आणि स्टड तोडील.

पुढच्या चाकांचाही विचार सल्ल्यात नाही. मागे मोठी पीसीडी आणि पुढे लहान असेल, तर डिकीतली एकच स्टेपनी चारपैकी दोनच चाकांना चालेल. त्यामुळे १९७३ नंतरचे डिस्क ब्रेक, त्यांचे स्पिंडल आणि वरच्या आर्मचे मोठे बॉल जॉइंट हे सामान हाती येईपर्यंत मी मागे बसवायचा अ‍ॅक्सल गॅरेजमध्ये तसाच पडू दिला, आणि पुढचे व मागचे काम एकाच आठवड्यात केले.