हापूसचं ऑनलाइन दुकान सजवा, फक्त रेट दिसू देऊ नका

मार्च उजाडला की गावाकडे बाग असलेला, बाग असलेल्याचा मेव्हणा असलेला आणि वाशी मार्केटला नुसती ओळख असलेला प्रत्येक माणूस ऑनलाइन आंबे विकायला बसतो, तुम्हीपण बसलाच असाल. डोमेन घेतलं, भाच्याने वेबसाइट चढवली, चार ऑर्डरी पण आल्या. पण खरं सांगा, वेबसाइट भारी झालीय असं एकतरी माणूस म्हणाला का? नाही ना? म्हणणार कसं, तुमच्या पानावर आंब्याचा फोटो, खाली डझनाचा रेट, खाली ऑर्डरचं बटण, बास. माणूस येतो, बघतो, घेतो आणि जातो. असंच करायचं होतं तर हायवेला टेम्पो लावायचा होता की, वेबसाइटवर खर्च कशाला केला.

तर आधी वरची जागा मोकळी करा, तिथे स्लायडर टाकायचाय. पाच फोटो, आपोआप सरकणारे, आणि स्पीड असा ठेवा की माणूस दुसऱ्या ओळीवर पोचेपर्यंत पुढचा फोटो आलेला असला पाहिजे. पहिल्यात वडील बागेत, दुसऱ्यात तुम्ही बागेत, तिसऱ्यात तुम्ही, वडील आणि उद्घाटनाला आलेले साहेब, चौथ्यात नुसतं 'परंपरा तीन पिढ्यांची', आणि जागा उरलीच तर पाचव्यात आंबा. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यापुढे ठेवा, काही चुकणार नाही. फोटो मोबाइलवरून काढले तसेच चढवा, एकेक चार-पाच एमबीचा असतो तो, बारीक करायच्या भानगडीत पडू नका. गुगल म्हणतं पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदात दिसला पाहिजे. गुगलला काय घाई आहे? आंबा पिकायला आठवडा लागतो, फोटो दिसायला मिनिटभर लागलं तर बिघडलं कुठं.

बरं, तो पाचवा आंब्याचा फोटो स्वतःच्या बागेतला टाकायचा नाही हं. तो जरा पिवळा, जरा हिरवट, देठाजवळ चीक ओघळलेला, कुठेतरी बारीक डाग असलेला असतो, त्याने इंप्रेशन खराब होतं. नेटवर फुकट फोटो मिळतात त्यातला घ्या, लालभडक, तुकतुकीत, वर पाण्याचे थेंब. तो हापूस नसतो, बऱ्याचदा फ्लोरिडातून जगभर गेलेला टॉमी अ‍ॅटकिन्स जातीचा आंबा असतो, पण रंग बघा ना काय आलाय. शेजारी एक अर्धा कापलेला आंबा पण पाहिजेच, चौकोनी चिरा देऊन उलटा फुगवलेला. रत्नागिरीत त्या पद्धतीने आंबा कापून कोणी पुढ्यात ठेवला तर घरातली म्हातारी माणसं विचारतील याला काय झालं म्हणून, पण वेबसाइटवर तसाच चालतो.

आता रंग. आंबा पिवळा म्हणून अक्षरं पिवळी, आणि बॅकग्राउंड स्वच्छ वाटावं म्हणून पांढरं. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीवाले, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना पण साइट वापरता यावी म्हणून धडपडणारे लोक सांगतात की अक्षर आणि मागचा रंग यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा फरक पाहिजे, आणि पांढऱ्यावर शुद्ध पिवळा टाकला तर तो भरतो १.०७ ला १, म्हणजे जवळजवळ नाहीच. मग तर उत्तमच, कारण याच रंगात वजन लिहायचंय. आंबा २०० ग्रॅमचा की ३०० ग्रॅमचा, पेटी चार डझनाची की सहा डझनाची, असल्या फालतू चौकशा करणारं गिऱ्हाईक बहुतेक साठीच्या पुढचं असतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुपारी गॅलरीत उन्हात मोबाइल धरून बसलेलं. त्यांना काही दिसणार नाही आणि तुम्ही लिहिलेलं नव्हतं असं पण कोणी म्हणू शकणार नाही.

फॉन्टच्या बाबतीत मन मोठं ठेवा, एका पानावर पाच-सहा तरी होऊ द्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता, बालू असे सरळ वाचता येणारे देवनागरी फॉन्ट गुगलवर फुकट आहेत, म्हणून ते घ्यायचे नाहीत, फुकटात मिळतं ते सगळेच वापरतात. त्यापेक्षा गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये सगळा मजकूर बनवून घ्या आणि त्याची एकच उभी जेपीजी, म्हणजे फोटो, करून पानावर चिकटवा. मोबाइलवर अक्षर तिळाएवढं होतं, गुगल सर्चला त्यातलं काही वाचता येत नाही, 'देवगड हापूस पुणे' असं कोणी शोधलं तर तुमचं दुकान सोडून बाकी सगळी येतात. गर्दी नको असेल तर याच्याएवढा उपाय नाही. आणि वरून एक सरकती पट्टी सोडाच. इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातली चीज आहे ती, नव्वदच्या दशकातली, आता कोणी वापरू नका म्हणतात पण चालते अजून. कोकणी संगीत आपोआप वाजवायची आयडिया डोक्यात असेल तर सोडा, क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप वाजणं अडवून ठेवलंय, एवढा एक अन्याय आपल्यावर झालाय.

बॅज किती पण लावा, सोनेरी पाहिजेत. '१०० टक्के नॅचरल', 'प्रीमियम', 'एक्स्पोर्ट क्वालिटी', 'कार्बाइड फ्री'. कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदीच आहे, म्हणजे आपण कायदा मोडत नाही याचा बॅज लावतोय आपण, पण गिऱ्हाईक खुश होतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी. त्याचा लोगो कुठून तरी उचलून, ताणून, लंबगोल करून टाका. ज्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असते तो आपला नोंदणी नंबर लिहितो, तुम्ही त्या जागी नारळाच्या झाडाचं चित्र टाका.

आता मेन विषय, रेट. रेट पानावर लिहिणं म्हणजे शुद्ध भोळेपणा. 'रेटसाठी व्हॉट्सअ‍ॅप करा' लिहायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्याला वेबसाइटची लिंक पाठवायची. असे दोन-तीन फेरे मारून जो टिकेल तोच आपला खरा ग्राहक. अगदीच लिहावा लागला तर 'फक्त ... पासून' असा लिहा, तो 'पासून' बारीक. मग कार्टमध्ये डझनाचे आले, पुढच्या पानावर पॅकिंग आलं, त्याच्या पुढे डिलिव्हरी, त्याच्या पुढे खोका, आणि एकदम शेवटी यूपीआयचा पिन टाकायच्या आधी पेंढ्याचे वेगळे. पिनकोड मात्र पैसे मिळाल्यावरच विचारा, आधी विचारला तर नगरला आपण पोचवतच नाही हे त्याला फुकटात कळेल.

हे असलं सगळं स्वतः शोधत बसायची पण गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे साइटवर गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांची यादीच काढलीय, तब्बल १३ प्रकार, हे करू नका म्हणून. एवढी तयार यादी कुठला डिझायनर देईल? खोटी घाई त्यात पहिलीच आहे. 'फक्त ३ पेट्या शिल्लक' आणि शेजारी उलटं चालणारं घड्याळ, दहा मिनिटांचं, रिफ्रेश केलं की परत दहापासून. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तर हे पाहिजेच. लोकांना सणाला आमरस करायचा असतो आणि त्यांचा प्रश्न एवढाच असतो की आंबा कच्चा येणार की तयार, आणि पेटी कुठल्या तारखेला हातात पडणार. त्या एका प्रश्नाचं उत्तर सोडून घड्याळात बाकी सगळं दाखवा.

यादीतला माझा आवडता प्रकार म्हणजे नाही म्हणणाऱ्याला लाज आणायची. पान उघडल्या उघडल्या मध्यभागी पॉपअप, 'मोबाइल नंबर द्या, ५० रुपये सूट मिळवा', खाली मोठं हिरवं बटण 'हो, मला अस्सल हापूस हवा' आणि त्याच्या खाली करड्या बारीक अक्षरात 'नको, मला कर्नाटकचा आंबा चालतो'. कोकणातला माणूस काही झालं तरी त्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवणार नाही, जीव गेला तरी नाही. नंबर मिळाला की मे संपेपर्यंत सकाळी सातला मेसेज. बंद करायची फुली ठेवायचीच असेल तर एवढी बारीक ठेवा की अंगठा पडला तर बॅनरवरच पडेल. अ‍ॅपलवाले ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडवाले ४८ डीपीचं बटण ठेवा म्हणतात (स्क्रीनवरची मापं आहेत ती), तुम्ही १० वर भागवा.

ऑर्डरच्या बटणाची जागा मात्र पक्की ठेवू नका. वर स्लायडर हळूहळू लोड होत असतो, त्याने खालचं सगळं ढकललं जातं, आणि गिऱ्हाईक '१ डझन'वर बोट टेकवायला जातं त्याच क्षणी तिथे '१ पेटी' आलेली असते. पान असं किती हलतं याचा पण गुगल आकडा काढतं आणि ०.१ च्या आत ठेवा म्हणतं. पण त्यांना कुठे पेट्या खपवायच्यात. त्यातूनही एखाद्याचं बोट बरोबर पडलंच तर त्याच कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा हिरवा गोल, त्यावर चॅटचा निळा गोल आणि त्यावर 'कोणीतरी आत्ताच ५ डझन घेतले'ची पट्टी आहेच.

जूनमध्ये पाऊस पडला, आंबा संपला, तरी साइटला हात लावायचा नाही. घड्याळ फिरत राहू दे, ३ पेट्या शिल्लक राहू देत. गणपतीत कोणी काका चुकून ऑर्डर टाकतील, पैसे घ्या आणि फोन आला की अभिनंदन करा, पुढच्या सीझनच्या प्री-बुकिंगमध्ये तुमचा पहिला नंबर लागलाय म्हणून. पैसे परत मागितले तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव साइटवर टाकावं लागतं, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो, म्हणून आपण ते टाकलंय सगळ्यात खाली, करड्यावर करडं. नाव भाच्याचं आहे, ईमेल पण त्याचाच आहे, आणि पासवर्ड विसरून तो जुलैतच नोकरीसाठी बंगळूरला गेलाय.