समुद्रातल्या कोळंबीलाही विषाणू असतो

'तलावातल्या कोळंबीला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू झालाय, तो माणसाला लागतो. समुद्रातलीच खा, तिला रोग नसतो. तलावातली आणली असेल तर खाडीत फेकून द्या.' हा मजकूर व्हॉट्सअॅपवर घरोघरी फिरतोय. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींच्या पोटावर यानं पाय येतो, म्हणून लिहितोय.

माणसाला लागतो, हे साफ खोटं. हा विषाणू कोळंबी, खेकडे, शेवंड यांचा. माणसाच्या शरीरात तो वाढत नाही.

समुद्रातलीला रोग नसतो, हे जास्त फसवं, कारण ते ऐकायला खरं वाटतं. 2016च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या लोगन नदीकाठच्या तलावांत हा रोग आला. 2017मध्ये जवळच्या मोरटन उपसागरात, खुल्या पाण्यातल्या कोळंबीत आणि खेकड्यांतही विषाणू सापडला. तिथून कच्ची कोळंबी बाहेर न्यायला बंदी झाली, शिजवलेलीला नाही. आपल्याकडे टायगर कोळंबीच्या बीजासाठी, म्हणजे तलावात सोडायच्या पिल्लांसाठी, माद्या समुद्रातूनच धरून आणत. दिसायला ठणठणीत, पण पीसीआर तपासणीत, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, काहींच्या अंगात विषाणू निघायचा. 2009मध्ये रोगमुक्त माद्या आणून व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीची शेती सुरू झाली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

मग समुद्रात मेलेली कोळंबी दिसत का नाही? तलावात दाटीवाटीनं वाढणारी कोळंबी एकदा मरायला लागली की आठवड्याभरात काठाला खच पडतो. समुद्रात एखादी मंदावली की मासा तिला गिळतो. कोणाला कळणार?

ठिपक्यांचंही तसंच. डोक्यावरचं कवच उचलून उजेडात धरा. विषाणूचे ठिपके आतल्या बाजूनं, कवचातच बसलेले, बारीक गोल असतात. पण तसे ठिपके जिवाणूंमुळेही येतात, पाण्याचा क्षारपणा (अल्कता) वाढला तरी येतात. बर्फात सुकून पांढरट पडलेलं मांस तर वेगळंच. नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही.

आणि खाडीत फेका, हा सल्ला सगळ्यात घातक. हा विषाणू गोठवूनही मरत नाही. फेकलेलं कच्चं डोकं खाडीतले खेकडे आणि कोळंबी कुरतडणार, आणि निरोगी खाडीत रोग जाणार. सालं, डोकी कचऱ्यात टाका. बाजारातली गोठवलेली कच्ची कोळंबी गळालाही लावू नका.